‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या बाँडपटाबद्दल चाहत्यांचे एकमत का होत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, १९६९ सालच्या ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ या बाँडपटाला काही चाहते संपूर्ण मालिकेतील सर्वोत्तम चित्रपट मानतात आणि तितक्याच ठामपणे काही चाहते तो फसलेला प्रयोग असल्याचे सांगतात, असे का व्हावे? चित्रपटाचा शेवट सांगितल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्यामुळे आपण तो अद्याप पाहिला नसेल तर पुढचे वाचन लांबणीवर टाकावे, ही विनंती.

हा वाद वरवर पाहता जॉर्ज लेझनबी या एकाच चित्रपटापुरत्या बाँडबद्दलचा आहे. माझ्या मते मात्र भांडणाचे मूळ वेगळ्या ठिकाणी आहे. या चित्रपटाच्या शेवटी बाँडचे लग्न होते आणि काही मिनिटांतच त्याच्या पत्नीचा खून होतो. एवढी मोठी घटना घडवून आणल्यानंतर तिचे पुढे काय करायचे, याची तजवीक मालिकेने केलेलीच नव्हती. त्यामुळे या चित्रपटाकडे स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहणारा आणि मालिकेतील सहावा भाग म्हणून पाहणारा, हे दोघे एकच चित्रपट पाहूनही वेगळ्या निष्कर्षाला पोहोचतात, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नसते.

तरीही सुरुवात लेझनबीपासूनच करावी लागते. शॉन कॉनरी पाच चित्रपटांनंतर भूमिका सोडून गेला, तेव्हा त्याच्या जागी आलेला हा ऑस्ट्रेलियन तरुण जाहिरातींत काम करणारा मॉडेल होता आणि चित्रपटातील अभिनयाचा त्याला अनुभव नव्हता. कॉनरीचे केस कापणाऱ्या न्हाव्याकडे जाऊन, कॉनरीसाठी शिवलेला सूट मिळवून त्याने निर्मात्यांसमोर स्वतःला उभे केले आणि नट असल्याची थाप मारली, ही हकिकत त्याने स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे. विरोधक म्हणतात की हा नवखेपणा पडद्यावर दिसतो, आणि तो दिसतोही. विनोदी वाक्ये फेकताना त्याचा सूर चुकतो, संवादाच्या शेवटी काय करावे हे त्याला नेहमी उमजत नाही. परंतु त्याचा आवाज वाईट असल्याचे कोणी म्हणू लागला, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाँड मधल्या भागात सर हिलरी ब्रे या वंशावळीच्या अभ्यासकाचे सोंग घेऊन वावरतो, त्या प्रसंगांत आपण ऐकतो तो आवाज लेझनबीचा नसून, खऱ्या सर हिलरींची भूमिका करणारा नट जॉर्ज बेकर याचा आहे. एखाद्या नटाला नापास करताना त्याच्या उत्तरपत्रिकेची मधली पाने दुसऱ्याने लिहिलेली असावीत, असाच हा प्रकार. समर्थकांचा पुरावा हाणामारीच्या प्रसंगांत आहे. तिथे लेझनबी विलक्षण चपळ दिसतो. पडद्यावरच्या चाचणीतच त्याने एका कुस्तीगिराचे नाक फोडले होते आणि पुढे त्याच कुस्तीगिराला, युरी बोरियेन्को याला, चित्रपटात खलनायकाचा हस्तक म्हणून घेतले गेले.

दिग्दर्शक पीटर हंट हा दुसरा मतभेदाचा विषय आहे, जरी त्यावर तुलनेने कमी बोलले जाते. हंट हा आधीच्या बाँडपटांचा संकलक होता आणि दिग्दर्शनाची ही त्याची पहिलीच संधी होती. मारामारीत तो इतक्या भराभर कापतो, की ठोसा कोठून आला हे कळण्याआधी समोरचा माणूस कोसळलेला असतो. आजच्या प्रेक्षकाला हे परिचित वाटते, पण संथ लयीची सवय असलेल्यांना ते खटकते. स्वतः संकलक असूनही त्याने चित्रपटाची लांबी मात्र दोन तास वीस मिनिटांपर्यंत जाऊ दिली. २००६ सालापर्यंत याहून लांब बाँडपट निघाला नाही. कंटाळा येतो ही तक्रार प्रामुख्याने मधल्या तासाची असते आणि ती मला बऱ्याच अंशी मान्य आहे. स्वित्झर्लंडमधील शिल्थॉर्नच्या शिखरावर, २,९७० मीटर उंचीवर, खलनायक ब्लोफेल्डचे ठाणे आहे. तिथे ॲलर्जीवर उपचार घेणाऱ्या तरुणींना संमोहित करून त्यांच्यामार्फत जगभर वंध्यत्वाचा विषाणू पसरवण्याचा त्याचा बेत आहे. (त्या इमारतीतील फिरते उपाहारगृह चित्रीकरणाच्या वेळी अपुरे होते, ते पूर्ण करण्याचा खर्च निर्मात्यांनी उचलला आणि पिट्स ग्लोरिया हे चित्रपटातील नाव त्या जागेला आजतागायत चिकटले आहे.) अडचण अशी की हा सगळा वेळ नायिका ट्रेसी पडद्यावरून गायब असते, आणि नुकताच तिच्या प्रेमात पडलेला नायक एका रात्रीत एकीच्या खोलीतून दुसरीकडे जाताना दिसतो. याला प्रेमकथा म्हणायचे तर हा तास आड येतो, आणि नेहमीचा बाँडपट म्हणायचे तर त्याच्या दोन्ही बाजूंना असलेली प्रेमकथा आड येते.

परंतु हाच तास सोसल्यामुळे पुढचा प्रसंग फळाला येतो, आणि त्या प्रसंगाविषयी थोडे सविस्तर लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ठाण्यावरून निसटताना बाँडजवळ कोणतेही अद्भुत यंत्र नसते. केबलकारच्या यंत्रघरातून सुटण्यासाठी तो स्वतःच्या पँटचे खिसे फाडून त्यांचे हातमोजे करतो. बर्फावरून घसरत, गोळ्या चुकवत तो पायथ्याच्या गावात पोहोचतो, तिथे नाताळच्या आदल्या रात्रीचा उत्सव चाललेला असतो. गर्दीत पांढऱ्या अस्वलाचा वेष घेतलेला कोणीतरी अचानक त्याचा फोटो काढतो आणि त्या झगझगाटाने बाँड दचकतो. तो थकलेला असतो, आणि मुख्य म्हणजे घाबरलेला असतो. बर्फावर स्केटिंग चाललेल्या मैदानाच्या कडेला तो कोटाची कॉलर वर करून, मान खाली घालून बसतो. समोर स्केट घातलेले दोन पाय येऊन थांबतात. आता संपलेच, अशा चेहऱ्याने तो वर पाहतो, तर समोर ट्रेसी उभी असते. यानंतर गाडी ती चालवते आणि तोवर बायकांना संकटातून सोडवत आलेल्या नायकाला ती सोडवून नेते. कॉनरीला या बाकावर मी कल्पनेत अनेकदा बसवून पाहिले आहे. तो घाबरल्यावर माझा विश्वास बसत नाही. लेझनबीचे कच्चेपण इथे चित्रपटाच्या कामी येते आणि या एका प्रसंगासाठी त्याचे सगळे फसलेले विनोद मी माफ करतो. ट्रेसीच्या भूमिकेत डायना रिगसारखी कसलेली अभिनेत्री समोर असल्यामुळे तो तरला, असे विरोधक यावर म्हणतात. ते मला नाकारता येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इयन फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत ब्लोफेल्डचा क्रम ठरलेला आहे: १९६१ साली ‘थंडरबॉल’, १९६३ साली हीच कथा, आणि १९६४ साली ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’, ज्यात पत्नीच्या मृत्यूने पार खचलेला बाँड जपानमध्ये जाऊन ब्लोफेल्डचा सूड घेतो. चित्रपटवाल्यांनी मात्र जपानची कथा १९६७ सालीच पडद्यावर आणली आणि तीतून शोक व सूड दोन्ही वगळले. म्हणजे ट्रेसीच्या खुनाचा स्वाभाविक उत्तरभाग तो खून पडद्यावर होण्याच्या दोन वर्षे आधीच खर्ची पडला होता. वरातीमागून घोडे ही म्हण आपल्याकडे आहे. इथे घोडे आधी निघून गेले आणि वरात मागून आली. याच उलटापालटीमुळे जपानमध्ये बाँडला समोरासमोर भेटलेला ब्लोफेल्ड या चित्रपटात त्याला ओळखत नाही, कारण पुस्तकाप्रमाणे ही त्यांची पहिलीच भेट आहे. मालिकेचा हिशेब ठेवणाऱ्या चाहत्याला ही चूक अक्षम्य वाटते. शिवाय ब्लोफेल्डचा नटही बदललेला आहे. डॉनल्ड प्लेझन्सच्या जागी टेली सव्हालस आला आणि आधीच्या ब्लोफेल्डच्या चेहऱ्यावरचा व्रणही नाहीसा झाला.

मालिकेतील आपल्या जागेबद्दल चित्रपट स्वतःही साशंक आहे, हे त्यातच दिसते. पहिल्याच प्रसंगात समुद्रात जीव द्यायला निघालेल्या ट्रेसीला बाँड वाचवतो आणि ती त्याला तिथेच टाकून निघून जाते, तेव्हा ‘त्या दुसऱ्याच्या बाबतीत असे कधी झाले नाही’ अशा अर्थाचे वाक्य लेझनबी जवळजवळ प्रेक्षकांकडे पाहून बोलतो. लगेच पुढच्या श्रेयनामावलीत मात्र आधीच्या पाच चित्रपटांतील दृश्ये वाळूच्या घड्याळातून सरकताना दाखवली आहेत, आणि राजीनामा देऊन टेबल आवरणाऱ्या बाँडच्या खणातून जुन्या मोहिमांच्या वस्तू निघतात. हा माणूस नवा आहे, आणि हा तोच माणूस आहे, अशी दोन्ही विधाने पहिल्या अर्ध्या तासातच केली जातात. प्रेक्षकाने यांपैकी कोणते मनावर घ्यायचे?

शेवट आपणांस ठाऊक असेल. लग्न आटोपून निघालेले जोडपे गाडीवरची फुले काढायला रस्त्याकडेला थांबते, ब्लोफेल्डची गाडी भरधाव जवळून जाते, त्याची साथीदार इर्मा बंट मागच्या आसनावरून गोळ्या झाडते, आणि ट्रेसीला मांडीवर घेऊन बसलेला बाँड चौकशीला आलेल्या पोलिसाला सांगतो की ती विश्रांती घेत आहे, काही घाई नाही. पहिल्या वेळी आपल्या डोळ्यांत खरोखर पाणी आले, पण बाँड रडत नसतो म्हणून हंटने तो प्रसंग पुन्हा चित्रित केला, असे लेझनबीने सांगितले आहे. हंटचा निर्णय मला योग्य वाटतो. परंतु काचेला पडलेल्या भोकावर दृश्य थांबते न थांबते तोच बाँडची ती नेहमीची जोशपूर्ण धून वाजू लागते. अंत्ययात्रेच्या मागे बँडने भलतेच गाणे धरावे, तसे मला ते दर वेळी वाटते. काही चाहते याचा अर्थ असा लावतात की जग पुढे चालूच राहते. मला त्यात निर्मात्यांचा धीर सुटलेला दिसतो.

आणि तो खरोखरच सुटला. चित्रपट चालला, पण आधीच्या बाँडपटांच्या मानाने त्याची कमाई कमी होती; बाँड आता कालबाह्य झाला असा सल्ला मानून लेझनबीने भूमिका सोडली होती; आणि निर्मात्यांनी मोठी रक्कम देऊन कॉनरीला १९७१ सालच्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’साठी परत आणले. त्या चित्रपटाच्या आरंभी बाँड ब्लोफेल्डचा शोध घेताना दिसतो खरा, पण का घेतो हे कोणी सांगत नाही. ट्रेसीचे नावही निघत नाही आणि थोड्याच वेळात सगळे हसण्यावारी जाते. इर्मा बंटचे काम करणारी इल्झे श्टेपाट चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही दिवसांतच वारली, आणि गोळ्या झाडणारी बाई मालिकेत पुन्हा कधीच आली नाही. मी हे दोन चित्रपट अनेक वर्षांपूर्वी भाड्याच्या कॅसेटवर, एकाच शनिवारी रात्री लागोपाठ पाहिले होते. दुसरा सुरू होऊन पंधरा मिनिटे झाल्यावर, मधला एखादा चित्रपट आमच्याकडून राहून गेला असावा या समजुतीने मोठ्या भावाने कॅसेट बाहेर काढून तिच्यावरचे नाव पुन्हा वाचले. त्या रात्रीपासून त्याचे मत कायम आहे की, ज्या मृत्यूची नायकालाच पर्वा नाही त्यासाठी आपण का हळहळायचे? माझे मत उलट आहे, पण त्याच्या प्रश्नाचा रोख खोटा नाही.

१९८१ सालच्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ची सुरुवात बाँड ट्रेसीच्या थडग्यावर फुले ठेवतो इथून होते. त्याचा दिग्दर्शक जॉन ग्लेन हा १९६९ सालच्या चित्रपटाचा संकलक होता, हा योगायोग नसावा असे मला वाटते. पण पुढच्याच मिनिटांत चाकाच्या खुर्चीतील एका टकल्या, निनावी खलनायकाला हेलिकॉप्टरने उचलून कारखान्याच्या धुराड्यात टाकले जाते. बारा वर्षांनी उगवलेला सूड, तोही अशा थट्टेचा!

चित्रपटाची पत वाढत गेली ती फार नंतर. लुई आर्मस्ट्राँगने गायलेले त्यातील प्रेमगीत त्या वेळी फारसे गाजले नव्हते. १९९४ साली एका जाहिरातीमुळे ते ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ख्रिस्टोफर नोलन आणि स्टीव्हन सोडरबर्ग यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी हा आपला आवडता बाँडपट असल्याचे जाहीरपणे सांगितले. पुढे डॅनियल क्रेगच्या चित्रपटांत बाँडचे दुःख एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ लागले, आणि २०२१ सालच्या ‘नो टाइम टू डाय’च्या अखेरीस तर आर्मस्ट्राँगचे तेच गाणे वाजले. क्रेगपासून बाँड पाहू लागलेल्या प्रेक्षकाला १९६९चा चित्रपट ओळखीचा वाटतो, तर कॉनरीपासून क्रमाने येणाऱ्याला तो वाटेत आडवा आलेला वाटतो. माझ्या ओळखीच्या चाहत्यांत तरी ही विभागणी बऱ्यापैकी खरी ठरली आहे, अपवाद माझ्या भावाचा. क्रेगचे सगळे चित्रपट आवडूनही त्याने आपले मत बदललेले नाही.

आपण हा चित्रपट पाहणार असाल तर माझी सूचना एवढीच आहे की शेवटच्या दृश्यानंतर ती धून सुरू होताच आवाज बंद करावा, आणि ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ त्याच रात्री लावू नये.