गोव्याच्या खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, लोह भरपूर असतं, मग तांदळात इतकं कमी का?
मातीत कमतरता नसतेच. पाणी तुंबलेल्या आम्लधर्मी खाजनात लोह इतकं विरघळतं की कधी रोपालाच बाधतं. दाण्यात किती जाऊ द्यायचं, हे भाताचं रोप ठरवतं. दाणा भरताना लोहाला धरून ठेवणारं निकोटियानामिन आणि ते वाहून नेणारी प्रथिनं बनवणारी जनुकं किती जोरात चालतात, यावर बरंच अवलंबून. त्यातही पुष्कळ लोह कोंड्यात आणि अंकुरात राहतं, पॉलिशमध्ये जातं. म्हणूनच १९९९ मधलं जपानी संशोधकांचं काम मला फार मोलाचं वाटतं: सोयाबीनमधलं फेरिटिनचं, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाचं जनुक त्यांनी दाण्याच्या गाभ्यात चालवलं आणि लोह तिपटीपर्यंत वाढलं. तूर्त घरी उकडे तांदूळ तांबूस, कमी पॉलिशचेच घ्या. कोंड्यातलं फायटेट हे संयुग शरीराला लोह नीट शोषू देत नाही, त्यामुळे सोबत लिंबू पिळाच.