नाओशिमा एका दिवसात होतं का?

प्रश्न : ताई, आम्ही कोथरूडच्या चार मैत्रिणी जपानला चाललोय, टूरवाला म्हणतो नाओशिमा बेट गाइडसोबत एका दिवसात होतं, खरंच होतं का?

उत्तर : होतं गं, फक्त सोमवार टाळा, तिथलं चिचू हे कलेचं म्युझियम त्या दिवशी सहसा बंद असतं आणि त्याचं टाइम स्लॉटचं बुकिंग आधी ऑनलाइन करावं लागतं, ते कोण करणार हे टूरवाल्याला आत्ताच विचार. उनो बंदरातून फेरीनं वीसेक मिनिटं. वास्तुकार तादाओ आंदोनं चिचू म्युझियम जमिनीखाली बांधलंय, तरी फ्रेंच चित्रकार मोनेची कमळांची चित्रं बघायला दिवे नाहीत, वरून येतो तेवढाच उजेड, ढग आला की चित्रच बदलतं! त्या खोलीत बूट काढून जायचं, देवळासारखं. बेटावरचा जपानी कलाकार कुसामाचा पिवळा भोपळा, म्हणजे भोपळ्याचं मोठं शिल्प, २०२१च्या वादळात समुद्रात वाहून गेलेला, २०२२मध्ये परत बसवलाय. सेल्फी तिथेच काढा, चिचूत आत फोटो चालत नाहीत.