ट्रॅक्टरचं इंजिन बांधू की नवा ट्रॅक्टर घेऊ?

दारव्हा तालुक्यातून पत्र आलं आहे. अकरा एकर कोरडवाहू वावर, कापूस-तूर आणि थोडं सोयाबीन. ट्रॅक्टर २०११ चा, ३९ हॉर्सपॉवरचा. घरचं आटोपलं की गावात भाड्यानंही जातो. यंदा तो निळा धूर सोडतोय, सकाळी लवकर चालू होत नाही, दांडीवरचं ऑइल दोन दिवसांत खाली जातं. मिस्त्री म्हणतो, फुल इंजिन खोलून नव्यानं बांधावं लागेल, ८५,००० रुपये. शोरूमवाला म्हणतो, कंपनीचं तयार इंजिन बसवून देतो, २ लाख १० हजार. नाहीतर हा जुना १ लाख ६० हजारांत आम्हाला द्या आणि ७ लाख २० हजारांचा नवा घेऊन जा. उरलेले ५ लाख ६० हजार फायनान्सवर, दर सहा महिन्यांनी ७८,००० चा हप्ता, पाच वर्षं. जीएसटी उतरलाय, हीच वेळ आहे, असंही तो सांगतो. ट्रॅक्टरचं कर्ज पुढे कर्जमाफीत बसेल, असं गावातल्या काहींचं मत. तर तिन्हींपैकी काय करू?

पत्राखाली ताजा कलम आहे: "इंजिनाला रोख पैसे नाहीत. जूनमध्ये पोराच्या पॉलिसीचा ६०,००० चा पाचवा हप्ता आहे, तो पीककर्ज जमा झालं की खात्यातून कापला जातो. खत-बियाणं आम्ही कृषी केंद्रातून उधार उचलतो, महिना दोन टक्क्यांनी, आणि दिवाळीत कापसावर चुकतं करतो. नव्या ट्रॅक्टरला रोख लागत नाही, म्हणून तिकडे ओढा आहे."

भाऊ, तुमचा प्रश्न चटकन सुटतो. ताजा कलमाला वेळ लागेल. आधी प्रश्न घेऊ.

भाड्याचे वर्षाला सव्वादोन लाख येतात म्हणून तुम्ही लिहिलं आहे. ती उलाढाल झाली. तुमच्याच आकड्यांनी डिझेल १ लाख १५ हजार, हंगामातला ड्रायव्हर ३५,०००, ऑइल-टायर-किरकोळ १५,०००. उरले ६०,०००. घरच्या अकरा एकरांना दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावला असता तर एकरी ४,००० गेले असते. त्यातून स्वतःचं डिझेल वजा केलं की बचत साधारण २५,०००. म्हणजे ट्रॅक्टर तुम्हाला वर्षाला ८५,००० देतो. नव्याचा हप्ता वर्षाला १ लाख ५६ हजार. दरसाल ७०,००० ची खोट, आणि ही पाऊस बरा झाला तर. पाच वर्षांत हप्त्यांचे ७ लाख ८० हजार आणि जुन्याचे १ लाख ६० हजार धरले, तर ७ लाख २० हजारांचा ट्रॅक्टर तुम्हाला ९ लाख ४० हजारांना पडतो. अकरा एकरांत हे बसत नाही. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला हे खरं, पण म्हणून तुमच्या भाड्याची गिऱ्हाइकं वाढलेली नाहीत.

कर्जमाफीचं तर बोलूच नका. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत माफ झालं ते पीककर्ज, तेही दोन लाखांपर्यंतचं. फायनान्स कंपनीचा ट्रॅक्टर त्यात नव्हता. हप्ता थकला की ती कंपनी ट्रॅक्टर ओढून नेते, आणि तो नेमका पेरणीच्या तोंडावर नेते.

तयार इंजिन २ लाख १० हजारांचं. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, आणखी घासण्याजोगा उरला नसेल, तर त्याचा विचार करावा. इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि आरसी बुकात तशी नोंद करावी लागते, हेही लक्षात ठेवा. भंगारातून कुणी स्वस्तात इंजिन आणून देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

तेव्हा इंजिन बांधा. निळा धूर, उतरणारं ऑइल आणि ब्रेदरमधून, म्हणजे इंजिनाच्या हवा सोडणाऱ्या नळीतून येणारी फसफस ही तिन्ही रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) झिजल्याची लक्षणं आहेत. धूर काळा असता तर आधी नोझल आणि एअर क्लीनर तपासा म्हटलं असतं. "नुसत्या रिंगा टाकू, १८,००० त भागेल" असा जो सल्ला मिळालाय तो सोडून द्या. घासलेल्या लायनरमध्ये नवी रिंग फार दिवस टिकत नाही. ८५,००० चे १ लाख ५ हजार होतील असं धरून चाला, कारण इंजिन खोलल्यावर काहीतरी निघतंच. क्रँक मशीनशॉपमध्ये मोजून घ्या, माप कागदावर घ्या, जुने पार्ट परत मागा, बिल पक्कं घ्या. आणि एअर क्लीनरच्या खालची वाटी उघडून बघा. कोरड्या मातीत रोटावेटर मारणाऱ्या ट्रॅक्टरच्या वाटीत मला ऑइलच्या जागी बहुतेकदा चिखल सापडला आहे. तो चिखल आणि हवेच्या होजला चीर असेल तर ती तशीच राहिली, तर नव्या लायनरचाही बोजवारा उडेल.

एक गोष्ट जाता जाता. गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे. शिकाऊ वैमानिक चालवतात तसल्या छोट्या विमानाचं इंजिन खोलायला धूर दिसेपर्यंत कुणी थांबत नाही. बनवणाराच लिहून देतो की इतक्या तासांनी खोला. पुष्कळ इंजिनांना तो आकडा २,००० तासांच्या आसपास असतो. शहाणा मालक पहिल्या तासापासूनच त्यासाठी पैसे बाजूला टाकत जातो. तुमचं मीटर ५,९०० तासांवर बंद पडलंय. बांधलेलं इंजिन आणखी ४,००० तास चाललं, तर १ लाख ५ हजारांचे तासाला २५-२६ रुपये होतात. भाड्याचे तासाला ८०० घेता, त्यातले २५ वेगळे पडले असते तर आज तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतं. ते मीटरही दुरुस्त करून घ्या.

आता ताजा कलम.

जून २०२२ मध्ये पीककर्जाचं नवंजुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं उचलायला गेलात आणि बँकेतल्या माणसानं सांगितलं की कर्ज लवकर हवं असेल तर एक पॉलिसी काढा. कर्जासाठी पॉलिसीची सक्ती करायची मुभा कुठल्याही बँकेला नाही. तुम्ही पॉलिसीच्या बॉण्डचा फोटो पाठवलात हे बरं केलं. वर्षाला ६०,०००, बारा वर्षं, पैसे विसाव्या वर्षी. विमा पोराच्या जिवावर, जो तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याच्या कमाईवर घरातलं कोण जगतं? वावर, ट्रॅक्टर, पीककर्ज, आई, वहिनी, दोन लेकरं हे सगळं ज्याच्या खांद्यावर, त्या तुमच्या जिवावर एक रुपयाचाही विमा नाही. तुम्ही गेलात तर पुढचे हप्ते माफ, अशी सोयही त्या बॉण्डवर मला दिसली नाही.

पॉलिसी विकताना तुम्हाला सांगितलं: "७ लाख २० हजार भरा, १५ लाख घ्या, दुप्पट." ही दुप्पट वर्षाला साधारण पाच टक्के पडते. शिवाय ते १५ लाख पक्के नाहीत, बोनस धरून आहेत. तिकडे वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तुम्हाला शून्य टक्क्यानं पडतं. एजंट म्हणेल, शून्यानं घ्या, पाचावर लावा, कुठे बिघडलं? बिघडलं ते कृषी केंद्रात. शून्याचा पैसा पॉलिसीत गेला म्हणून खत-बियाणं २४ टक्क्यांवर आलं. ६०,००० वर सहा महिन्यांचे ७,२०० व्याज. पॉलिसी त्या ६०,००० वर वर्षभरात ३,००० कमावणार. आणि दिवाळीला दुकानदार दारात उभा असतो, म्हणून पहिल्या वेच्याचा कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला तो म्हणेल त्या भावात जातो. हे नुकसान मी मोजलेलं नाही, ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

पॉलिसीच्या बाजूनंही हिशेब केला. आजवर भरलेले २ लाख ४० हजार विसरा. चौथ्या ते सातव्या वर्षात सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडली, तर भरलेल्याच्या किमान ५० टक्के मिळतात, म्हणजे १ लाख २० हजार. कंपनी काढते ती स्पेशल सरेंडर व्हॅल्यू त्याहून जास्त निघाली तर ती मिळेल. हे १ लाख २० हजार न उचलता उरलेले आठ हप्ते भरत राहिलात आणि १५ लाख खरोखर आलेच, तर इथून पुढचा परतावा सात टक्क्यांच्या आसपास पडतो. इतका काही वाईट नाही. खिशात रोख असलेल्या नोकरदाराला मी कदाचित चालू ठेवा म्हटलं असतं. तुमच्यासाठी तो पैसा २४ टक्क्यांनी येतो, आणि २४ नं घेऊन ७ वर लावणं हा धंदा नाही.

म्हणून सरेंडर करा. १ लाख २० हजार बुडाल्यासारखे वाटतील. ते आज बुडत नाहीत, २०२२ मध्येच बुडाले. पेड-अप करून ठेवा (हप्ते थांबवा, पॉलिसी मोडू नका) किंवा पॉलिसीवर कर्ज काढा, असं एजंट सुचवेल. पेड-अपमध्ये पैसा पोर एकतीस वर्षांचं होईपर्यंत अडकतो, आणि कर्ज म्हणजे आपलाच पैसा व्याजानं घेणं. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत स्वतः द्या, पोच घ्या, आणि बँकेत जाऊन ऑटो डेबिट लेखी बंद करा. ते राहिलं तर जूनमध्ये ६०,००० कापले जातील आणि परत मिळवायला पोळा उजाडेल.

मग पैसा असा फिरतो: सरेंडरचे १ लाख २० हजार, इंजिनाला १ लाख ५ हजार, १५,००० हाताशी. पीककर्जातले ६०,००० यंदा खत-बियाण्याला रोख. रोखीनं घेता तर दुकानदाराशी भावही करा.

आणि विमा तुमचा. पासबुकात ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसतात का बघा. ४३६ मध्ये पंतप्रधान जीवनज्योती विम्याचे दोन लाख, २० मध्ये पंतप्रधान सुरक्षा विम्याचे अपघाती दोन लाख. तुम्ही ४१ चे, दोन्हींत बसता. वर्षभर ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसानं हे काढलेलं नसावं, याचं मला नवल वाटतं. त्यावर सरल जीवन विमा घ्या. तो सगळ्या कंपन्यांकडे एकाच नियमाचा असतो, ५ ते २५ लाखांपर्यंत, आणि शिक्षण किंवा धंदा न बघता सामान्य माणसाला मिळावा म्हणूनच आणला आहे. दर मात्र कंपनीगणिक बराच बदलतो, तीन ठिकाणी विचारा. पहिल्या ४५ दिवसांत अपघाती मृत्यूलाच संरक्षण असतं, तेवढं ध्यानात ठेवा. पोराच्या शिक्षणाचं आत्ता काही काढू नका. कृषी केंद्राची वही एकदा कोरी झाली की पुन्हा लिहा.

मिस्त्रीला मेच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख आजच सांगून ठेवा. मृग जवळ आला की त्याच्या दारात सहा ट्रॅक्टर उभे असतात, आणि घाईत बांधलेल्या इंजिनाचे बोल्ट कुणी टॉर्क लावून, म्हणजे ठरलेल्या मापानं, कसत नाही.