सातवी चूक

प्रश्न : पीएच.डी. करणारे आम्ही पाचजण दर शनिवारी एकमेकांची प्रेझेंटेशन ऐकतो. गेल्या वेळी मैत्रिणीने कृष्णेच्या पुरावर मांडणी केली. बाकीचे 'छान झालं' म्हणून मोकळे झाले. मी सात चुका सांगितल्या (यादी सोबत जोडली आहे). तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. खरं सांगणं चुकलं का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : यादी वाचली. पाच चुका शुद्धलेखनाच्या, एक अक्षरांच्या रंगाची. सातवी मात्र खरी आहे: कोयनानगरचा पाऊस आणि सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी एकाच आलेखात मांडून तिने थेट नातं जोडलं. अहो, पावसाळ्यात आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा पहिला प्रश्न असतो, 'कोयनेतून किती सोडलं?' पाऊस आधी धरणात अडतो. सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत येऊन सांगलीपर्यंत पोचायला कित्येक तास जातात. शिवाय पुलाच्या खालच्या अंगाला, हरिपूरला वारणा मिळते, तिचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबणारं पाणी, वेगळाच. एवढा मोलाचा मुद्दा तुम्ही सातव्या नंबरावर ठेवलात! तोवर तिचे कान मिटले असणार.

तो पहिला घ्यायचा, तोही विचारून: 'अकराव्या स्लाइडवर धरणाचा विसर्ग आणि मधले तास कुठे धरलेत?' कदाचित प्रबंधात ते असेल, स्लाइडवर राहिलं असेल. आलेखावर ४० फुटांची इशारा आणि ४५ फुटांची धोका पातळी आखायला सुचवा. दहा मिनिटांचं काम आहे. शुद्धलेखन चिठ्ठीवर लिहून नंतर हातात द्यावं. चारचौघांत ऱ्हस्व-दीर्घ काढणं मला तरी असभ्य वाटतं.

मीही शहाणा नव्हतो. हळदीवरच्या एका सेमिनारात एका मुलाला 'नमुने कमी आहेत' एवढंच म्हणून खाली बसलो. दोन वर्षांनी भेटला, म्हणाला, "सर, किती हवे होते?" मला सांगता येईना.

'छान झालं'वाल्यांनाही सोडू नका. नेमकं काय छान, कुठली स्लाइड, ते विचारा. बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं.

आता तिला फोन करा. माफीचं लांबण नको. विसर्गाच्या तासावार नोंदी मिळवायला सोबत येऊ का, एवढं विचारा. आणि तुमची पाळी कधी आहे? येत्या शनिवारीच लावून घ्या. पहिला प्रश्न तिला विचारू द्या.