बंबाची जाळी तुटली? वेल्डिंग करण्याआधी राख बघा

खानापूरच्या घरी आईच्या पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाची बिडाची (ओतीव लोखंडाची) जाळी दोन वर्षांतच मधे वाकून तुटली, ती वेल्डिंग करावी की नवी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. नवीच घ्या. पण ती इतक्या लवकर का गेली हे आधी बघा, नाहीतर नवीचंही तेच होईल.

वेल्डिंग मी करून बघितलंय. बीड आधी तापवून निकेलच्या रॉडनं जोडलं तर जोड धरतो. पण जाळी रोज लाल होते आणि जोडाच्या कडेला परत चीर जाते. गणपतीत जोडलेली माझी जाळी नरकचतुर्दशीला पहाटे तुटून राखेत पडली, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना.

जाळीला वाचवते ती खालून येणारी गार हवा. खालची राख वर येऊन जाळीला भिडली की हवा अडते, आणि वर निखारे, खाली गरम राख अशी ती दोन्हीकडून भाजते. असं रोज झालं की बीड हळूहळू फुगतं, वाकतं, मग तडकतं. आपल्याकडे पावसाळ्यात हे हमखास होतं. खानापूरच्या त्या धारेत राख टाकायला कोण बाहेर जाणार? चार-चार दिवस ती तशीच राहते. न्हाणीच्या दाराशी झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा आणि रोज सकाळी, बंब पेटवण्याआधी, राख त्यात काढा. आईंना वाकायला लागू नये म्हणून लांब दांड्याचं फावडं करून द्या. नुसत्या करवंट्या घालू नका, त्यांचा जाळ फार कडक. बंबफोडीत, म्हणजे बंबासाठी फोडलेल्या लाकडात, मिसळून घाला. आणि निखारे विझवायला वरून पाणी अजिबात ओतू नका. तापलेलं बीड तिथंच तडकतं.

बेळगावच्या बाजारात मापाची जाळी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर उद्यमबाग किंवा मच्छे भागात फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आहेत, एखादा लहान कारखानदार ओतून देईल. तुटलेले तुकडे टाकू नका, तोच तुमचा पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना. ते चिकटवा, झिजलेल्या पट्ट्या एम-सीलनं भरून मूळ जाडीच्या करा. ओतलेलं बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणजे सहा इंचांची जाळी दीड मिलिमीटर लहान येते. ते फायद्याचंच आहे, कारण लाल झाल्यावर ती जवळपास १ मिलिमीटर फुगते. घट्ट बसवली तर बंबाच्या मधल्या, जाळ होतो त्या तांब्याच्या नळीला रेटते. हातानं सहज फिरली पाहिजे.

घेताना जाळी दोरीला टांगून हलकेच ठोका. घंटेसारखा आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत चीर आहे. बसवताना पट्ट्यांची रुंद बाजू वर, निमुळती खाली. उलटी बसली तर फटींत राख आणि खिळे अडकतात. पहिले दोन-तीन दिवस जाळ बारीक ठेवा.

तोवर काम चालवायला १२ मिलिमीटरच्या साध्या लोखंडी सळया सुट्ट्याच आडव्या टाका, बोटभर फटी ठेवून. वाकल्या की फिरवायच्या. गॅल्व्हनाइज्ड सळई किंवा जाळी मात्र नको, जस्ताचा धूर अंगात भिनला की ताप येतो, आणि न्हाणी बंद जागा आहे.

नळीचा आतला व्यास आणि जाळी टेकते त्या कानांची जाडी मोजून इथं टाका, फाउंड्रीत काय सांगायचं ते लिहून देतो.