साडेअकराशे किलोमीटरला सव्वा दोन तास का?

प्रश्न : मुंबई–दिल्ली हवाई अंतर ११५० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ८०० च्या पुढे. म्हणजे दीड तासाच्या आत पोचायला हवं. मग तिकिटावर सव्वा दोन तास कसे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमचा भागाकार बरोबर आहे, पण तिकिटावरची वेळ निव्वळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानं रांगेत थांबतात. दिल्लीत उतरल्यावरही जागेपर्यंत जायला दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात.

हवेतही पूर्ण वेग मधल्या टप्प्यातच मिळतो. ३५,००० फुटांवरून उतरताना दर हजार फुटांना साधारण तीन सागरी मैल धरतात. म्हणजे १०५ सागरी मैल, जवळपास १९५ किलोमीटर आधीच उतरण सुरू होते. १०,००० फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. शिवाय मार्ग सरळ रेषेत नसतो आणि उतरायला रांग असली की घिरट्या आल्याच. हे सगळं धरून हवेतला वेळ पावणेदोन तासांच्या आसपास जातो, बाकीचा जमिनीवर. म्हणून दिल्लीहून पुढची गाडी किंवा विमान गाठायचं असेल तर हिशेब तिकिटावरच्या पोचण्याच्या वेळेपासूनच करा. त्यात सामान मिळायला अर्धा तास वेगळा धरा.

प्रश्न : मुंबईहून लंडनला जाताना सुमारे दहा तास, येताना नऊ. रस्ता तोच, मग फरक का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. ताशी ८५० ने उडणाऱ्या विमानाला समोरून १०० चा वारा लागला की जमिनीवरून मोजलेला वेग ७५० उरतो. तोच वारा पाठीशी असला की ९५० होतो. लंडनच कशाला, मुंबई–कोलकाता प्रवासातही परतीला थोडा जास्त वेळ लागतो. दिल्लीचा मार्ग बराचसा उत्तरेकडे असल्याने तिथे हा फरक फारसा जाणवत नाही.

तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात, हे मात्र विसरू नका. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतं. जानेवारीत दुपारी १ ला निघून तिथे संध्याकाळी ५.३० ला पोचलात, तर घड्याळात साडेचारच तास गेलेले दिसतील. त्यात साडेपाच मिळवा, दहा होतात. येताना हाच फरक वजा करायचा. मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस तिकडची घड्याळं तासाने बदलतात. त्या आठवड्यात विमानतळावर घ्यायला कुणी येणार असेल, तर त्यांना पोचण्याची स्थानिक वेळच कळवा.