बाथरूमसाठी मिस्त्री की कंत्राटदार? आणि एफडी मोडायची का?

ताई, इंदिरानगरच्या तुमच्या फ्लॅटच्या बाथरूमची दोन्ही कोटेशनं पाहिली. ओळखीच्या मिस्त्रींचं तोंडी, मटेरियलसकट 1,45,000, सगळं रोखीत. कंत्राटदाराचं छापील, 2,30,000. या 85,000 च्या फरकासाठी एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ, असं तुम्ही विचारलंय. खालच्या घराच्या छताला ओल आलीय, म्हणून घाईही आहे.

आधी तो फरक नीट मांडू. छापील कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ लिहिलंय. 18 टक्क्यांचे 41,400 धरले की बिल 2,71,400 चं होतं. म्हणजे फरक सव्वा लाखाच्या वर. तरीही मी मिस्त्रींना काम देणार नाही, आणि कंत्राटदारालाही या रकमेवर नाही.

तुमचं दुखणं फरशीच्या खाली आहे. मिस्त्री म्हणतात, ‘सिमेंटमध्ये पावडर टाकून कोबा (फरशीखालचा थर) करून देतो.’ कंत्राटदाराने जुना कोबा स्लॅबपर्यंत फोडणं, नवे सीपीव्हीसी (गरम पाण्याला टिकणारे प्लास्टिकचे) पाइप टाकून प्रेशर टेस्ट, नहाणी ट्रॅप (सांडपाण्याच्या तोंडाशी बसवलेला भाग) बदलणं, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट आणि फरशी बसवण्याआधी 48 तास पाणी तुंबवून पाहणं, हे एकेक ओळीत लिहिलंय. पैसे इथे घालायचे. त्याच कागदावर काचेचं पार्टिशन 22,000, फॉल्स सीलिंग 14,000 आणि बेसिनखालचं कॅबिनेट 28,000 आहे. यातल्या एकानेही गळती थांबत नाही! हे 64,000 काढा. उरतात 1,66,000, जीएसटीसह 1,95,880. मिस्त्रींपेक्षा सुमारे 51,000 जास्त. खालच्यांचं छत परत ओलावलं तर फरशी पुन्हा फोडायला याहून जास्त लागतील.

अर्थात छापील कागद दिला म्हणजे माणूस जाणकार, असं नाही. त्यांचा जीएसटी नंबर पोर्टलवर तपासा, फुकट होतं. दोन-तीन पावसाळे झालेल्या कामांचे पत्ते मागा, आणि तिथे गेल्यावर बाथरूम बघत बसू नका, खालच्या मजल्यावरच्यांना छत दाखवायला सांगा. चकचकीत फरशी कुणीही बसवतो. गीझरची लाइन नवी टाकणार असतील तर परवानाधारक वायरमन, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. ‘पाच वर्षांची वॉरंटी’ म्हणजे काय, तेही लिहून घ्या: गळती झाल्यास फोडणं आणि नवी फरशी बसवणं कुणाच्या खर्चाने? बऱ्याचदा वॉरंटी फक्त केमिकलच्या डब्याची असते.

पैसे देताना हात आखडता ठेवा. मी असे टप्पे पाडीन: सुरुवातीला 20 टक्के, पाइप टाकून प्रेशर टेस्ट झाली की 30, पाणी तुंबवून खाली थेंब आला नाही की 25, फरशी आणि फिटिंग झाल्यावर 15, आणि उरलेले 10 टक्के पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या वापरानंतर. कंत्राटदार शेवटच्या दहावर कुरकुर करतील. तिथे थोडं झुका, पण पाण्याच्या चाचणीआधी निम्म्याच्या पुढे जाऊ नका. नाशिकचा सिंहस्थ कुंभमेळा 2027 मध्ये आहे, शहरात कामं निघालीत, त्यामुळे काम संपवण्याची तारीखही कागदावर हवी. सगळं बँकेतून द्या. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर बिल आणि व्यवहाराची नोंद हाच तुमचा पुरावा.

आता एफडी. 4 लाखांची, तीन वर्षांची, त्यातले 28 महिने संपलेत. मोडली आणि बँकेने 1 टक्का दंड धरला तर नऊ हजारांच्या आसपास व्याज जाईल. बचत खात्यात तुमचे 1,10,000 मोकळे आहेत, म्हणजे कमी पडतात सुमारे 86,000. वरखर्चासाठी एक लाख धरू. एफडी न मोडता, ती तारण ठेवून तेवढं कर्ज घ्या. त्याचा दर बहुधा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो. दीड टक्का धरला तर एफडीचं व्याज वजा जाता आठ महिन्यांत तुमच्या खिशातून साधारण हजार रुपये जातात. एफडी पिकली की कर्ज फेडा. पर्सनल लोनचा विचार सोडून द्या. जुनी करप्रणाली असेल तर घरदुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट वर्षाला 30,000 पर्यंत मिळू शकते, पण तुमचं व्याजच इतकं थोडं की त्यासाठी काही ठरवू नका.

मात्र यातला रुपयाही देण्याआधी सोसायटीला पत्र द्या आणि गळती कुठून आहे ते तपासून घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) बाहेरच्या पाइपच्या गळतीचा खर्च सोसायटीचा, घरातल्या संडास-बाथरूमच्या गळतीचा सभासदाचा. डक्टमधला, म्हणजे इमारतीच्या पाइपांच्या पोकळीतला, पाइप दोषी निघाला तर वरचा निम्मा हिशोबच बदलतो. आणि खालच्यांच्या छताच्या रंगाचे पैसे बजेटमध्ये धरा, पण ओल पूर्ण सुकेपर्यंत रंग लावायला देऊ नका.